पक्षाघात आणि घरातले पहिले माणूस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी काही गोड बोलावे, असा रिवाज आहे. चिटणीसबाईंनी मला भाषणाचा आग्रह केला तेव्हा त्यांनी बाळंतपणाचा विषय सुचविला होता. ती सूचना रास्तच होती. माझी सारी नोकरी परिचारिका म्हणून झाली आणि तीही बहुतेक बाळंतिणींच्या खोलीत. इथे बसलेल्यांपैकी कित्येकींची मुले माझ्या हातावर जन्मली आहेत. परंतु मी विषय बदलून मागितला. जे आपल्याला चांगले येत होते त्याविषयी बोलणे सोपे असते. जिथे आपण चुकलो तिथले सांगितले तर ऐकणाराच्या पदरात अधिक पडते, असे मला या वयात वाटू लागले आहे.

माझा विषय आहे पक्षाघात. आपल्याकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. कोणी लकवा म्हणतात, कोणी अर्धांगवायू. नाव काहीही घ्या, पण 'वारं' या शब्दाने आपले फार नुकसान केले आहे. वारे हातावरून गेले, पायावरून गेले, असे एकदा मनात बसले की आपण हाताला तेल लावतो, पाय शेकतो, आणि अंग चोळीत बसतो. वास्तविक त्या हाताला काहीच झालेले नसते. झालेले असते ते डोक्यात, मेंदूत. हात फक्त मेंदूचा हुकूम येत नाही म्हणून लुळा पडलेला असतो.

हे कसे घडते ते समजण्यासाठी लांब जायला नको. आपल्या तालुक्यात डाळिंबाच्या बागा आहेत आणि घरोघर ठिबकच्या नळ्यांची ओळख आहे. एखाद्या झाडाला पाणी मिळेनासे झाले तर कारणे दोन असू शकतात. एक तर नळीत कचरा अडकून ती तुंबते, नाही तर नळी फुटते आणि पाणी भलतीकडे वाहते. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्यांचेही असेच आहे. बहुतेक वेळा रक्ताची गुठळी अडकून नळी तुंबते. काही वेळा नळी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. झाड सुकू लागले म्हणून पानांना तेल चोळणारा शेतकरी अजून मी पाहिला नाही. तो सरळ नळीकडे जातो. आपणही तसेच केले पाहिजे.

फरक एवढाच, की झाड दोन दिवस दम धरते, मेंदू दोन मिनिटेही धरीत नाही. मोठी नळी तुंबली तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. मेलेली पेशी परत येत नाही. चहाला आधण येईपर्यंतच्या वेळात केवढे नुकसान होत असेल, ते मनाशी मांडून पाहा.

आता माझी गोष्ट सांगते.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आम्ही अक्का म्हणत असू. त्यांना रक्तदाबाचा विकार होता आणि सहा वर्षे गोळी चालू होती. त्या वर्षी नवरात्रात त्यांनी कडक उपास धरला आणि उपासात गोळी कशी घ्यायची म्हणून तीही बंद ठेवली. हे मला नंतर कळले. पाचव्या माळेला दिवेलागणीच्या वेळी त्यांच्या उजव्या हातातून काडेपेटी गळून पडली. उचलली, पुन्हा पडली. तोंडातून शब्द वेडेवाकडे येऊ लागले. दहा मिनिटांनी सगळे पहिल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी त्या हसतच मला म्हणाल्या, "अगं, हातातली काडेपेटी पडली बघ. जीभबी वळंना. पित्त झालं असंल."

भगिनींनो, मी परिचारिका. मी त्यांना काय म्हणाले? "अक्का, उपास सुटू द्या. दसरा झाला की डॉक्टरांना दाखवून येऊ."

हे वाक्य मी अजून विसरलेली नाही. आज मला ठाऊक आहे की ती दहा मिनिटे म्हणजे पुढच्या आजाराची वर्दी होती. गुठळी क्षणभर अडकली आणि सुटली. अशी वर्दी मिळाल्यावर खरा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांतच सर्वांत मोठा असतो. लक्षणे गेली म्हणून निर्धास्त व्हायचे नसते. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठायचे असते. आपण बायका मात्र नेमक्या इथेच चुकतो. नवऱ्याचा हात लुळा पडला तर आपण गाव गोळा करू, पण स्वतःचा पडला तर 'पित्त असेल', 'दगदग झाली असेल', 'सण होऊन जाऊ दे' म्हणून अंगावर काढू. अक्कांनी ते केले आणि मी त्यांना साथ दिली.

सातव्या माळेला मी पंढरपूरला लेकीकडे गेले होते. पहाटे पाच वाजता अक्का अंगणात सडा घालीत होत्या, तेव्हा धाकट्या सुनेने त्यांना पाहिले. सहा वाजता त्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसलेल्या सापडल्या. तोंड वाकडे झालेले, उजवा हात लोंबतो आहे आणि बोलता येत नाही. घरातली माणसे प्रेमळ. प्रत्येकाने आपल्या परीने धावपळ केली. कोणी तेल कोमट करून हातपाय चोळले. कोणी साखरेचे पाणी पाजले, ते ठसक्यात गेले. कोणी सुईने बोटे टोचून रक्त काढले. थोरला मुलगा बागेत होता, तो येईपर्यंत थांबायचे ठरले. तो आल्यावर शेजारच्या गावी वाऱ्यावर झाडपाला देणारा कोणी आहे असे निघाले आणि अक्कांना तिकडे नेले. मला फोन आला तो साडेनऊला. मी येऊन मोठ्या रुग्णालयात नेले आणि मेंदूचे छायाचित्र, म्हणजे सी.टी. स्कॅन, होईपर्यंत दुपारचे दोन वाजले.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: "या शेवटच्या चांगल्या कधी होत्या?" सुनेने पाच वाजता सांगितले. डॉक्टरांनी बोटे मोजली आणि म्हणाले, "नऊ तास झाले. गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन आता देता येणार नाही."

ते इंजेक्शन म्हणजे काय ते सांगते. नळी गुठळीने तुंबली असेल तर ती विरघळविणारे औषध शिरेतून देतात. १९९५ साली अमेरिकेत त्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा मर्यादा तीन तासांची होती. पुढील अभ्यासांनी ती साडेचार तासांपर्यंत वाढली. हा वेळ रोगी सापडल्यापासून मोजीत नाहीत, तर शेवटचा चांगला दिसला होता तिथपासून मोजतात. साडेचार तास आहेत म्हणून चार तास घरी काढायचे, असा त्याचा अर्थ नव्हे. जितके लवकर तितका गुण अधिक. मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत बारीक तार घालून गुठळी ओढून काढतात आणि निवडक रोग्यांत ते २४ तासांपर्यंतही करता येते. म्हणून वेळ टळली असे घरी बसून आपणच ठरवू नये. झोपेतून उठल्यावर लक्षणे दिसली तरी निघावे. सर्वांनाच औषध लागू पडते असे नाही, सर्वांना ते देताही येत नाही. परंतु वेळेवर पोहोचलेल्याला निदान संधी मिळते. अक्कांना ती मिळाली नाही.

मग घरातल्या पहिल्या माणसाने काय करावे? पहिले माणूस म्हणजे बहुधा आपणच, कारण सकाळसंध्याकाळ घरात आपण असतो. मी क्रमाने सांगते.

ओळखावे कसे? एकाएकी झाले, ही पहिली खूण. मग तीन गोष्टी करावयास सांगा. हसायला सांगा आणि तोंडाची एक बाजू खाली ओघळते का ते पाहा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक हात आपोआप खाली येतो का ते पाहा. एखादे साधे वाक्य म्हणायला सांगा. आपल्या गावी "आज रविवार, बाजाराचा दिवस" एवढे पुरे. शब्द अडखळतात का, भलतेच येतात का, की आपले बोलणेच त्यांना समजत नाही, ते पाहा. तिन्हींपैकी एक जरी बिघडलेले असले तरी पक्षाघात समजून चालावे. याशिवाय एकाएकी तोल जाणे, एका किंवा दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे होणे, पूर्वी कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी, याही खुणा आहेत. दुखत नाही म्हणून किरकोळ समजू नका. या रोगात हात गेला तरी हात दुखत नाही. म्हणूनच तो फसवितो.

खूण पटली की भिंतीवरचे घड्याळ पाहा आणि दोन वेळा लिहून ठेवा. एक, शेवटचे चांगले कधी पाहिले. दुसरी, लक्षण कधी दिसले. कागद नसेल तर हातावर लिहा. डॉक्टरांना तुमच्या रडण्यापेक्षा त्या दोन आकड्यांचा उपयोग जास्त आहे.

लगेच १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. 'चक्कर आली' असे मोघम सांगू नका. 'पक्षाघाताची लक्षणे आहेत, अमुक वाजता सुरू झाली' असे सांगा. गाडीला उशीर होईलसे दिसले तर शेजाऱ्याची मोटार घ्या. मुलगा बागेतून येईपर्यंत, नवरा बाजारातून परतेपर्यंत थांबू नका. घरातल्या पुरुषमाणसाची परवानगी या कामात लागत नाही. तो मागून थेट रुग्णालयात येऊ शकतो.

गाडी येईपर्यंत रोग्याला आडवे निजवा. ग्लानी असेल किंवा उलटी होत असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे लाळ आणि उलटी घशात जाणार नाही. गळ्याभोवतीचे कपडे सैल करा. कवळी असेल आणि सहज निघत असेल तर काढा. लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. माणसाला ऐकू येत असते, हे लक्षात ठेवून जवळ बसा, धीर द्या. उशापाशी रडारड होऊ देऊ नका. हाक मारूनही उत्तर नाही आणि श्वासही थांबला, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने आणि भराभर दाबत राहा, मदत येईपर्यंत.

आता काय करू नये. तोंडात काही घालू नका. पाणी नको, चहा नको, साखर नको, तीर्थही नको. गिळण्याची शक्ती गेलेली असते, ते फुफ्फुसात जाते. अक्कांना पुढे न्यूमोनिया झाला तो त्या साखरपाण्यानेच झाला असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. मधुमेहाच्या रोग्याची साखर एकाएकी उतरली तरी असाच देखावा होतो. घरी साखर पाहण्याचे यंत्र असेल तर आकडा पाहून १०८ वाल्यांना सांगा, पण त्यापायी निघायला उशीर करू नका. रक्त पातळ करणारी गोळी आपण होऊन देऊ नका. नळी तुंबली आहे की फुटली आहे हे बाहेरून कोणालाच, डॉक्टरांनाही, सांगता येत नाही, ते सी.टी. स्कॅनमध्येच दिसते. फुटलेल्या नळीवर ती गोळी दिली तर रक्तस्राव वाढेल. रक्तदाबाची जादा गोळीही देऊ नका. तेल, शेक, कांदा हुंगविणे, बोटे टोचणे, पारव्याचे रक्त चोळणे, यांनी नळी मोकळी होत नाही आणि वेळ मात्र जातो. झाडपाला देणाऱ्याकडे गेलेले काही जण बरे झाले असे आपण ऐकतो. कित्येक रोगी काही दिवसांत थोडेफार आपोआपच सुधारतात. त्याचे श्रेय झाडपाल्याला जाते, आणि न सुधारलेल्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

कोठे जावे हा प्रश्न आपल्या गावाला फार महत्त्वाचा आहे. पंढरपूर इथून सुमारे ३० किलोमीटर, सोलापूर सुमारे ८०, मिरज त्याहून थोडे लांब. चुकीच्या दारात दोन तास मोडले की साडेचार तासांतले उरते काय? जिथे रात्रंदिवस सी.टी. स्कॅन होतो आणि हे इंजेक्शन दिले जाते, तेच दार आपले. ते कोणते, हे रोग आल्यावर विचारायचे नसते. माझी मंडळाला विनंती आहे की या महिन्यात दोघीतिघींनी मिळून चौकशी करावी, आणि अशा रुग्णालयांची नावे व फोन नंबर एका कागदावर लिहून प्रत्येक सभासदाच्या स्वयंपाकघराच्या दारामागे लावावे. त्याच कागदाखाली घरातल्या वडीलधाऱ्यांच्या चालू गोळ्यांची नावे लिहावी. शिधापत्रिका आणि आधार कार्ड एका पिशवीत ठेवावे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळते ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

त्या योजनेला ज्यांचे नाव आहे, त्यांनाही हाच रोग झाला होता, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? १८८८ साली मुंबईत लोकांनी जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी दिली आणि त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. लिहिता हात गेला. त्या काळी सी.टी. स्कॅन नव्हता, इंजेक्शन नव्हते. सावित्रीबाई सोबतीला होत्या. जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्याच हाताने लिहून पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले आणि १८९१ साली पुस्तक छापून निघाले. मला या हकिगतीतून दोन गोष्टी दिसतात. एक ही, की झटका आल्यावर माणूस संपत नाही. उपचारानंतर व्यायाम, बोलण्याचा सराव आणि घरच्यांचा धीर यांनी पुष्कळ परत मिळविता येते. दुसरी ही, की जे जोतीरावांना मिळू शकत नव्हते ते आज आपल्याला मिळू शकते, आणि तरीही आपण ते तेल चोळण्यात घालवितो.

अक्का त्यानंतर पाच वर्षे जगल्या. उजवा हात आला नाही. बोलणे 'हां' आणि 'नको' एवढ्यावर राहिले. जोतीरावांची गोष्ट मी त्यांना वाचून दाखविली होती. पुढे त्या डाव्या हाताने वाती वळू लागल्या. पहिल्या पहिल्या वाकड्या व्हायच्या, मग चांगल्या होऊ लागल्या. संध्याकाळी काडी मी ओढायची आणि दिवा त्यांनी लावायचा, असा आमचा परिपाठ होता. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

परंतु दुसरीही एक गोष्ट सांगते. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत एका रविवारी सकाळी एका घरच्या सासऱ्यांचे बोलणे एकाएकी अडखळले आणि हातातली पिशवी पडली. धाकटी सून घरात एकटी होती. तिने मंडळात हा विषय ऐकलेला होता. तिने घड्याळ पाहिले, दहा वाजून वीस मिनिटे. सासऱ्यांना हसायला सांगितले, ते वाकडे हसले. शेजारणी तेलाची वाटी घेऊन आल्या, तिने ती हातातून काढून घेतली. पाणी द्या म्हणणाऱ्यांना नाही म्हटले. सासऱ्यांना पाणी नाकारणारी सून म्हणून त्या दिवशी तिने बोलणीही खाल्ली. १०८ ला फोन केला, वेळ सांगितली आणि गाडीत बसली. दुपारी एकच्या सुमारास इंजेक्शन मिळाले. आज ते गृहस्थ काठी घेऊन का होईना, बाजाराला स्वतः जातात आणि भाजीवाल्याशी घासाघीस करतात. ती सून आज या सभेत बसली आहे. नाव घेतले तर लाजेल, म्हणून घेत नाही.

शेवटी, रोग येऊच नये म्हणून दोन शब्द. रक्तदाब हे याचे सर्वांत मोठे कारण. तो वाढलेला असताना काही जाणवत नाही, म्हणून मोजूनच घ्यावा लागतो. गोळी चालू असेल तर बरे वाटते म्हणून बंद करू नका, आणि उपासालाही सोडू नका; गोळीने उपास मोडत नाही. उपासामुळे जेवणाची वेळ बदलत असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मीठ, लोणचे, पापड यांवर हात आखडता ठेवा. आणि मिश्री सोडा. मिश्री म्हणजे तंबाखूच. दात घासण्याच्या नावाने ती पोटात जाते म्हणून तिचे पाप कमी होत नाही.

मी आपला फार वेळ घेतला. घरी गेल्यावर एकच करा. आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या सर्वांना समोर बसवा आणि एकदा हसायला, हात उचलायला आणि वाक्य म्हणायला लावा. पोरे हसतील, हसू द्या. एखाद्या दिवशी त्यांतलेच एखादे पोर तुमचे वाकडे झालेले हसू ओळखील आणि घड्याळाकडे पाहील.